चालतं पण न बोलतं लॉकर

"पोटातलं ओठावर येऊ देत नाही, हे बरंच आहे गं, पण ही ओठावरचंसुद्धा बाहेर येऊ देत नाही!"

सासूबाई गॅलरीतून बहिणीशी फोनवर बोलत होत्या आणि मी आत कपड्यांच्या घड्या घालत होते. राग नाही आला. माझ्या याच गुणाच्या भरवशावर विहंगने लग्नाआधीची सगळी बचत ठेवली होती.

बचत म्हणजे क्रिप्टो. ते ज्या ऑनलाइन वॉलेटमध्ये होतं, त्याची किल्ली म्हणजे बारा इंग्रजी शब्द, एकमेकांशी काडीचं नातं नसलेले. ज्याला ते कळले, पैसे त्याचे. "कागदावर ठेवले तर चोरी, मोबाईलमध्ये ठेवले तर हॅकिंग," विहंग शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर म्हणाला, "आणि माझ्या तोंडात तीळ भिजत नाही. तूच पाठ कर." मी मान डोलावली. त्याने कागद फाडला. (आणि रात्री जेवताना सगळ्यांना सांगितलं की शब्द हिच्याकडे आहेत. तिळाबद्दल तो खरं बोलला होता.)

रविवारी विहंग आंघोळीला गेलेला असताना त्याचा फोन वाजला. बाबांनी उचलून स्पीकरवर टाकला.

"सर, वॉलेट सिक्युरिटीतून बोलतोय. तुमचं वॉलेट हॅक होतंय. ते बारा शब्द सांगा, लगेच लॉक करतो."

"अरे बापरे! ते आमच्या सूनबाईंकडे असतात," म्हणत बाबांनी फोन माझ्यापुढे धरला.

मी छताकडे बघितलं.

"सांग गं, सगळी घरचीच माणसं आहेत," सासूबाई म्हणाल्या. उखाण्यासाठी मला उंबरठ्यावर अडवलं होतं, तेव्हाचाच सूर.

"लाजू नका ताई," चोरही वऱ्हाडात सामील झाला. "पहिला तरी घ्या!"

मी डोळे मिटून घेतले.

"काका, ताई बोलतात ना?"

"बोलतात की. अधूनमधून."

तेवढ्यात टॉवेल सावरत, साबणासकट विहंग धावत आला आणि त्याने फोन कट केला. "बाबा! ते शब्द मागणारा चोरच असतो हो!"

मग माझं कौतुक सुरू झालं. सासूबाईंनी लगेच बहिणीला फोन लावला. "अगं, चोराने हात टेकले, पण पोरीने तोंड म्हणून उघडलं नाही!" विहंगची छाती तर फेसासकट फुगली होती. "याला म्हणतात सिक्युरिटी!"

सगळे माझ्याकडे बघत होते. आता बोलणं भागच होतं.

"मी आठवत होते," मी म्हणाले. "विहंग, पहिला शब्द काय होता रे?"