सम्राट क्रोंग यांचं म्हणणं

हेडफोनमध्ये सम्राट क्रोंग खाकरला आणि शिवांजलीचा कप बशीवर टेकता टेकता थांबला.

ते खाकरणं तिच्या ओळखीचं होतं. केज तालुक्यात ते सगळ्यांच्याच ओळखीचं होतं. मग क्रोंग सावकाश म्हणाला, "आमचं कायबी म्हननं न्हाई. पन हा ग्रह आता हितं ऱ्हात नसतोय." आणि पडद्यावर एक निळा ग्रह फुटला.

मालिका जुनी, परदेशी, हाताने काढलेल्या चित्रांची. तीस वर्षांपूर्वी तिच्या वडिलांनी, केदारनाथअण्णांनी, केजात केबल टाकली तेव्हा तिच्या तेरा कॅसेटी कुठूनतरी मिळवल्या होत्या. मूळ भाषा त्यांना कळत नव्हती आणि बघणाऱ्यांनाही कळली नसती. म्हणून मागच्या खोलीत माईक लावून त्यांनी मनानेच संवाद रचले आणि तिचं नाव ठेवलं 'नवव्या ग्रहाचे पहारेकरी'. आता पुण्याची एक कंपनी ती चित्रं नव्याने उजळून काढत होती. मराठी आवाज मात्र फक्त अण्णांच्या कॅसेटींवर होता.

अण्णा चार महिन्यांपूर्वी गेले. शिवांजलीने कॅसेटी पाठवल्या त्या एवढ्याचसाठी. त्यांचा आवाज दुसरीकडे कुठेच नव्हता. फोनवर त्यांनी तिला पाठवलेले सगळे संदेश गुलाबाच्या फुलांचे होते.

पूर्वी त्या कॅसेटींवर इतकी खरखर होती की सगळी पात्रं पिठाच्या गिरणीत उभं राहून बोलताहेत असं वाटे. पुण्याच्या त्या कंपनीतल्या अभिमन्यूने ती खरखर काढली, आणि खाली निघाले विठ्ठलराव.

विठ्ठलराव म्हणजे ती शिकवत होती त्या शाळेच्या संस्थेचे अध्यक्ष. ते कधी कुणावर ओरडले नाहीत. एकदा बाजारातल्या न्हाव्याला ते एवढंच म्हणाले होते, "आमचं कायबी म्हननं न्हाई, पन ही पाटी लई पुढं आलीय." आठ दिवसांनी पाटी नव्हती आणि महिन्याभरात न्हावी नव्हता. गणिताच्या एका सरांना तेच वाक्य ऐकून बदलीवर पाटोद्याला जावं लागलं होतं. आणि अण्णांनी या माणसाची इतकी हुबेहूब नक्कल करून ठेवली होती की मधला पानाचा तोबरासुद्धा ऐकू येत होता.

तरी ते कुणाच्या कानावर जायचं कारण नव्हतं. पण दुपारी बंकट आला. बंकट पूर्वी अण्णांच्या हाताखाली केबलच्या वायरी ओढायचा, आता मोबाईल विकायचा. रविवारी अकरा वाजता मंगल कार्यालयात पहिला भाग दाखवायचं त्यानेच ठरवलं होतं. त्याने कौतुकाने पत्रिका पुढे केली. उद्घाटक म्हणून विठ्ठलरावांचं नाव अण्णांच्या नावापेक्षा मोठ्या अक्षरांत होतं.

शिवांजलीने त्याला क्रोंग ऐकवला. बंकटने हेडफोन काढून टेबलावर ठेवला, जरा लांबच.

"नाव काढता येईल?" तिने विचारलं.

"ताई, बसस्टँडवर ब्यानर लागलाय. आता त्येंचं नाव काढलं तर मंग आपलंबी निघंल."

उद्घाटक काढता येत नव्हता म्हणजे सम्राटच काढायला हवा होता. तिने अभिमन्यूला फोन केला. तो म्हणाला, अवघड काही नाही, क्रोंगच्या जागी दुसरा आवाज घालू. फक्त तुम्ही मालक, तेव्हा तसं लिहून पाठवा. एक ओळ पुरे. तसंही पहिल्याच दिवशी तुम्ही ती यानातली बाई बदलायला सांगितली होती, तिचंही काम आज संपेल.

यानातली बाई म्हणजे पहारेकऱ्यांच्या यानाचं यंत्र. ते चिरक्या बायकी आवाजात सारखं बजावत राही. शिवांजलीला ती लहानपणापासून आवडत नसे. कुणी बाहेरची बाई बोलवली असेल, असं तिने धरलं होतं.

तिने ओळ टाइप केली, 'क्रोंगचा आवाज काढावा.' चार महिन्यांपूर्वी अण्णांना नेलं तेव्हा तिला विचारायला कुणी थांबलं नव्हतं. आता विचारत होते. शनिवार सकाळपर्यंत ती ओळ तशीच फोनमध्ये पडून राहिली.

शनिवारी नऊ वाजता दारात जीप थांबली. विठ्ठलराव एकटे उतरले. ड्रायव्हरला त्यांनी कोपऱ्यापर्यंत लांब पाठवलं, आत आले, दार स्वतः लोटलं आणि अण्णांच्या फोटोखाली बसले. पाटोद्याला घर मिळेल का आणि आईला तिकडे करमेल का, इथपर्यंत तिचा विचार जाऊन आला.

ते खाकरले. "उद्या जे दावनार हायेत, त्यात त्यो क्रोंग हाय का?"

"साहेब, अण्णांच्या मनात तसं काही नव्हतं. नक्कल करायची सवय असते एखाद्याला. मी आजच काढून टाकते."

"नक्कल?" विठ्ठलरावांनी दाराकडे बघून आवाज खाली आणला. "अगं बाई, त्यो मीच हाय."

तिने त्यांच्याकडे बघितलं. ते अण्णांच्या फोटोकडे बघत होते.

मग त्यांनी सगळं सांगितलं. अण्णांना खलनायक जमेना. दोन दिवस त्यांनी प्रयत्न केला, पण सम्राट ग्रह फोडायच्या आधी माफी मागतोय असं वाटायचं. "तुझ्या बापाला रागवायला कुठं येत व्हतं? म्हनून मला धरलं." तेव्हा विठ्ठलराव नुकते राजकारणात पडले होते. रोज संध्याकाळी बैठकीला म्हणून घरातून निघायचे आणि मागच्या खोलीत येऊन बसायचे. बाहेरचा आवाज येऊ नये म्हणून दोघं डोक्यावरून एकच वाकळ पांघरून, मधे एक माईक.

"ह्ये विरोधकांला कळलं तर निवडनुकीत घरोघर वाजवत्याल. काढ त्याला, पोरी."

तिची आई मल्लम्मा चहा घेऊन आल्या. त्यांच्या चेहऱ्यावर नवल नव्हतं.

"आई, तुला माहीत होतं?"

"वाकळ माझीच व्हती," मल्लम्मा म्हणाल्या. "आन मला कुनी इचारलंच न्हाई."

शिवांजली विठ्ठलरावांकडे वळली. "मग अण्णा कोण?"

"यानातली बाई," विठ्ठलराव म्हणाले. "लई ग्वाड बोलायचा."

तिने अभिमन्यूला फोन लावला. तो दुसऱ्यांदा लागला. बाई बदलली का, एवढंच तिने विचारलं. अभिमन्यू म्हणाला, बदलली, पण मूळ आवाज आहे जपून, परत घालू. मात्र बाई ठेवून क्रोंग काढायचा असेल तर ती नीट राहणार नाही. एकाच माईकवर दोघं एकमेकांत बोलले आहेत. त्याला उपटलं की तिच्या आवाजाचेही लचके निघतात.

शिवांजलीने फोन ठेवला. समोर विठ्ठलराव बशीत चहा ओतायचा विसरून बसले होते. एवढ्या मोठ्या माणसाला घाबरलेलं तिने पहिल्यांदाच बघितलं. स्वतःची भीती तिला अजून होतीच, पण ती आता दोघांत वाटली गेली होती.

ती खाकरली.

"काका, आमचं काही म्हणणं नाही. पण क्रोंग कुठं जात नाही."

विठ्ठलरावांनी हे वाक्य आयुष्यात पहिल्यांदाच समोरून ऐकलं. चहा तसाच ठेवून ते उठले.

रविवारी त्यांनी फीत कापली आणि दोन मिनिटांत भाषण आटोपलं. भाषणात ते खाकरलेसुद्धा नाहीत. मग अंधार झाला, ग्रह उजळले आणि क्रोंग खाकरला. अख्ख्या कार्यालयात कुणी पान चघळेना. शिवांजलीने आईचा हात धरला.

"आरं, केदारअण्णानं सायबाचा काय आवाज काढलाय," मागून रिटायर पोस्टमन धोंडीराम म्हणाले. लोक पहिल्या रांगेतल्या एका मानेकडे बघत राहिले.

"कलाकार मानूस व्हता," विठ्ठलराव मान न वळवता म्हणाले, आणि कार्यालय हसण्याने फुटलं. त्यानंतर क्रोंग बोलला की टाळी पडायची. वा केदारअण्णा. असा आवाज पुन्हा होणे नाही, केदारअण्णा. पाचव्या टाळीला विठ्ठलराव खुर्चीत चुळबुळले. सहाव्याला ते शेजारच्या शिवांजलीकडे झुकले.

"शेवटी नावं येत्यात का गं?"

"येतात."

"आवाजाची?"

"अण्णांचं एकट्याचं आहे."

त्यांनी मागे वळून कुणी ऐकत नाही ना ते बघितलं. मग म्हणाले, "खाली बारीक अक्षरात आनखी एक बसंल का? बघ की. कोन वाचतंय येवढं."

पडद्यावर यान काळोखात शिरत होतं. दिवे एकेक करून विझले आणि ती बाई बोलू लागली, चिरक्या, सांभाळून घेणाऱ्या आवाजात. "हळू जावा. पुढचं दिसत न्हाई. भिऊ नगा, मी बोलत ऱ्हाते."

"न्हाई म्हंजे, टोपननाव टाकलं तरी—"

शिवांजलीने ओठांवर बोट ठेवलं. संस्थेचे अध्यक्ष गप्प बसले.