एकट्या बैलाचं आवतण

आमच्या शाळेतले ढोबळे गुरुजी मातीच्या बैलांची तोंडी परीक्षा घेत. पोळ्याच्या आदल्या दिवशी चौथीची मुलं आपापले बैल टेबलावर मांडत आणि गुरुजी बैलाच्याच तोंडाशी वाकून विचारत, "नाव काय? जोडीदार कोन?" उत्तर अर्थातच मुलांनी द्यायचं. शिंगं वाकडी चालत, शेपटी गळून पडली तरी चाले. पण जोडी नसेल तर बैल नापास.

आर्णीपासून दोन कोसांवरची ती शाळा. साठ-एकसष्ट साल असेल. मी शेजारच्या वर्गावर होतो आणि भिंतीला कान लावून हसत असे. एका पोराने माती वाचवायला दोन्ही बैल पोटाला पोट चिकटवून आणले, तर गुरुजी म्हणाले, "अबे, जोडी लाव म्हनलं होतं, लगन नाई!"

त्या वर्षी तांड्यावरच्या जमनीने एकच बैल आणला. काळ्या मातीचा, भरल्या वशिंडाचा. इतका देखणा बैल त्या टेबलावर मी तरी पाहिला नव्हता.

"जोडीदार कोन?"

"नाई जी. आमच्या बैलाचा जोडीदार आखाडात मेला. बाप म्हन्ते, एकट्याले पोळ्यात कायले न्यायचं? म्हनून म्या त्याले इथं आनला." तिचे डोळे भरले. "इथंबी नाई चालत काय, गुरुजी?"

मी एव्हाना दारात येऊन उभा राहिलो होतो. गुरुजींनी वाटीतलं तूप-हळद बोटावर घेतलं आणि त्या बैलाचा खांदा हलक्या हाताने चोळला. आदल्या दिवशी असे खांदे चोळून बैलांना जेवायचं आमंत्रण देतात, तसं त्याला म्हणाले, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." मग त्यांनी तो रांगेत सगळ्यांत पुढे ठेवला.

मला माझीच लाज वाटली. गुरुजींची बायको जाऊन तीन वर्षं झाली होती. सणाला आम्ही मेहुण जेवायला बोलावतो, नवरा-बायको जोडीने. त्या तीन वर्षांत गुरुजींना कोणी बोलावलं नव्हतं. मीही नाही.

शाळा सुटल्यावर त्यांना हौदापाशी गाठलं.

"गुरुजी, उद्या पुरणपोळीला आमच्याकडे या."

ते बराच वेळ हाताची हळद धूत राहिले.

"एकटाच येईन जी," ते म्हणाले. "चालन ना?"