मांडीवर स्कूटर

रोलकाकांना राग यायला कारण लागत नाही, पण त्या महिन्यात कारणही होतं. वरच्या मजल्यावरचा दाताचा डॉक्टर आपली स्कूटर नेमकी त्यांच्या खिडकीखाली लावत होता. (जागा वाहनांचीच होती, पण तो मुद्दा वेगळा.) दुसरा कोणी असता तर वर जाऊन भांडून मोकळा झाला असता. काकांनी ठरवलं, आधी पुरावा गोळा करायचा. आणि पुरावा म्हणजे फिल्मवरचा. मोबाइलवर काढलेल्या फोटोला ते फोटो म्हणतच नाहीत, टिचकी म्हणतात. जग रोल विसरलं, काका विसरले नाहीत. नाव पडलं ते त्यामुळेच.

चाळीस वर्षं पोटच्या पोरासारखा जपलेला कॅमेरा निघाला. अंगणात खडूने तीन फुल्या मारून काका रोज त्यांवरच ट्रायपॉड उभा करायचे, म्हणजे तक्रारीत कोणाला खोट काढता येऊ नये. महिनाभरात छत्तीस फोटो झाले. छत्तीसच्या छत्तीस एकाच स्कूटरचे. डॉक्टरच्या लग्नातही इतके निघाले नसतील.

आता काकांची एक सवय सांगायला हवी. रोल संपला की फिल्म गुंडाळून डबीत पूर्ण आत घ्यायची असते. काका तिची जीभ, म्हणजे सुरुवातीचं टोक, बोटभर बाहेर ठेवतात. "याला हात लागतो हात!" असं वर ऐकवतात. पण कोरा रोलही अगदी तसाच दिसतो, म्हणून वापरलेल्या रोलची जीभ आठवणीने दुमडायची. त्या रविवारी सकाळी ते दुमडणार, इतक्यात डॉक्टर स्कूटर सुरू करता करता म्हणाला, "गुड मॉर्निंग, काका!" काकांचं टाळकं सटकलं. रोल तसाच शर्टाच्या खिशात गेला, कोऱ्या रोलच्या शेजारी.

त्याच दुपारी काकूंच्या तिन्ही बहिणी जमणार होत्या. थोरली आणि तिसरी एका शिवणयंत्रावरून अकरा वर्षं एकमेकींचं तोंड बघत नव्हत्या. पण थोरली दुसऱ्याच दिवशी मुलाकडे परदेशी चालली होती, कायमची, म्हणून तिसरी यायला तयार झाली. काकूंचा आठवडाभर एकच धोशा. "अहो, मला आम्हा चौघींचा एक फोटो हवाय. एकच. मोबाइलवर काढला तरी चालेल."

"मोबाइलवर?" काका कडाडले. "मी काय मेलोय का?"

बहिणी आल्या तसे काकांनी चौघींचे मोबाइल काढून घेतले, पातेल्यात टाकले आणि वर झाकण ठेवलं. घरातला उजेड त्यांना पसंत नव्हता. स्कूटरची जागा रिकामीच होती. तिथे खुर्च्या मांडल्या. फुल्या तयार होत्याच.

"ताई, मान वर! हलू नका! आणि हसू तर अजिबात नका!"

"भावजी, ऊन लागतंय हो," तिसरी म्हणाली.

"उन्हाला मी आमंत्रण दिलं नव्हतं!"

असे पस्तीस फोटो झाले. छत्तिसावा त्यांनी टायमर लावून घेतला, आपणही त्यात यावं म्हणून. धावताना ट्रायपॉडच्या पायात पाय अडकून त्यांचा जरासा तोल गेला. (जरासा, हे त्यांचं म्हणणं.) चौघी हसल्या.

"हसू नका म्हटलं ना!" काका जमिनीवरून ओरडले.

दुसऱ्या दिवशी थोरली गेली. काकांनी दोन्ही रोल धुवायला दिले, एक स्कूटरचा, एक बहिणींचा. आठवड्याने फोटोवाला म्हणाला, "काका, तुमचा एक रोल कोरा निघाला."

"आणि दुसरा?"

"दुसऱ्यात दोन रोल आहेत, एकावर एक."

चौघी बहिणी रांगेत बसलेल्या, चेहरे सुतकी, आणि पस्तीसच्या पस्तीस फोटोंत मांडीवर आडवी स्कूटर. दुसरीच्या नाकावर दिवा. थोरलीच्या कपाळावर नंबर, चष्म्याशिवाय वाचता येईल इतका स्वच्छ. फुल्यांमुळे इंचाचाही फरक पडला नव्हता. छत्तिसाव्यात तेवढं, ट्रायपॉड कलंडल्यामुळे, स्कूटरवर नुसतं आभाळ होतं.

"तुमच्या मशीनने घोळ घातलाय!"

"काका, मशीनला तुमच्या मेहुण्या कुठून ठाऊक?"

घरी येऊन काकांनी तोंडाचा पट्टा सोडला. फोटोवाला गाढव, डॉक्टर नालायक, बहिणी हलल्या. काकूंनी एकेक फोटो शांतपणे पाहिला.

"अकरा वर्षांनी एका रांगेत बसल्या होत्या हो त्या," त्या म्हणाल्या. "परत कधी बसणार आता?"

"अगं, तो डॉक्टर..."

"आमचे मोबाइल पातेल्यात डॉक्टरने टाकले नव्हते."

पुढचे तीन दिवस घरात फक्त भांडी बोलली. राग म्हणतात तो हा, आपला तो नुसता आवाज होता, हे काकांना उभ्या आयुष्यात पहिल्यांदा कळलं.

चौथ्या दिवशी सोसायटीची नोटीस आली. तक्रारदार, वरचे डॉक्टर. वाहनाच्या जागेत खुर्च्या मांडून अडथळा केला, सोबत पुरावा जोडला आहे. पुरावा म्हणजे त्या दुपारी परत आल्यावर डॉक्टरने फाटकातूनच मारलेली टिचकी. काका नोटीस टराटरा फाडणार, तेवढ्यात काकूंनी ती हिसकावली आणि बघतच राहिल्या.

फोटोत चौघी पोट धरधरून हसत होत्या. थोरलीने तिसरीचा हात घट्ट धरला होता, हसून हसून खुर्चीवरून पडू नये म्हणून. काकूंचे डोळे भरून आले.

"वर जा," त्या म्हणाल्या. "मोठा करून मागा."

"त्याच्याकडे? मी?"

"तुम्हीच."

काका बावीस पायऱ्या दातओठ खात चढले. डॉक्टरने फोटो मोठा करून दिला, वर चौकटही करून दिली. "दात इतके खाऊ नका, काका, झिजतात," असा सल्लाही दिला.

फोटो आता बाहेरच्या खोलीत लावलाय. काका रोज त्याच्यासमोर उभे राहून धुसफुसतात.

"कोन चुकलाय. उजेड चुकलाय. आणि हे खाली बघ, फ्रेममध्ये नको ते आलंय!"

खाली, खुर्च्यांच्या पायाशी, काका पालथे पडले होते. एक चप्पल हवेत होती.

"मी कापायलाच सांगणार होते," काकू म्हणाल्या. "पण तेवढं कापलं, तर आम्ही हसतोय कशाला ते कोणाला कळणार?"