वेंडेलच्या रिपोर्टातलं सव्वीस वर्षांचं कार्ड

आयोवातल्या एका शाळेत बँड शिकवणारा वेंडेल नोव्होत्नी एरवी मवाळ माणूस. पण घरकर्जासाठी बँकेत निघाला तेव्हा ट्रंबोन वाजवायला घेतल्यासारखी त्याची छाती फुगली होती.

"माझा क्रेडिट रिपोर्ट म्हणजे धुतला तांदूळ," त्याने बायकोला, मार्लिसला, बजावलं. "तू पडदे पसंत करून ठेव."

बँकेतल्या बाईंनी रिपोर्ट उघडला. "छानच आहे की. एक कार्ड तर सव्वीस वर्षं जुनं. एकदाही बिल थकलेलं नाही."

वेंडेल चौतीस वर्षांचा. "आठव्या वर्षी माझ्याकडे सायकलसुद्धा नव्हती हो."

"त्याच्यापुढे लिहिलंय, की तुम्ही..."

पुढचं ऐकायला वेंडेल जागेवर होता कुठे? बाहेर येऊन त्याने कार्ड कंपनीला फोन लावला आणि कोणीतरी चोर आपल्या नावावर मजा मारतोय, असं ठणकावून सांगितलं. कंपनीने कार्ड तिथल्या तिथे बंद केलं, रिपोर्टमधून खातं काढायची तक्रारही नोंदवली. चोराची खोड मोडल्याच्या आनंदात वेंडेलने बेकरीतून कोलाचे नावाचे, जर्दाळू भरलेले गोड पाव घेतले.

पहिला तोंडात असतानाच सासूबाईंचा, आर्डिथबाईंचा, फोन आला.

"वेंडेल, मी पार्लरमध्ये अडकलेय रे. केस रंगवून झाले, पैसे द्यायला गेले तर कार्ड चालेना. चोरीची तक्रार आहे म्हणे. इथली मुलगी माझ्याकडे दरोडेखोराकडे बघावं तशी बघतेय."

वेंडेलच्या घशात जर्दाळू अडकलं. "आई, किती जुनं आहे तुमचं कार्ड?"

"सव्वीस वर्षांचं. का रे?"

वेंडेल धावत पार्लरमध्ये पोचला आणि तिथे सगळा उलगडा झाला. लग्नाच्या वेळी वेंडेलचा रिपोर्ट टकलासारखा साफ होता. कधी कर्ज नाही, कार्ड नाही. अशा माणसाला बँक दारात उभं करत नाही. म्हणून सासूबाईंनी गुपचूप आपल्या कार्डावर त्याचं नाव जोडलं. तेव्हापासून त्यांचं खातं, जुन्या तारखेसकट, जावयाच्याही रिपोर्टात दिसू लागलं.

"मला सांगायचं तरी, आई."

"सांगितलं असतं तर दर नाताळाला मोठी भेट आणली असतीस. तुझी निवड मला ठाऊक आहे."

वेंडेलने बँकेत फोन केला. "मी तेच सांगत होते," बाई म्हणाल्या. "आता ते खातं रिपोर्टात परत दिसेपर्यंत कर्जासाठी थांबा."

वेंडेलचा चेहरा पाहून सासूबाईंनी त्याच्या पाठीवर थोपटलं. "नवं कार्ड आलं की पुन्हा घालते तुझं नाव. एवढा काय घाबरतोस? आधी हिचे पैसे दे."

त्याने स्वतःचं कार्ड मशीनला लावलं. सासूबाई, ती मुलगी आणि डोक्याला टॉवेल गुंडाळलेल्या दोन अनोळखी बायका, सगळ्या श्वास रोखून बघत राहिल्या. मशीन वाजलं.

"अगं बाई, चाललं की याचं," सासूबाई कौतुकाने म्हणाल्या. "टीपही यातूनच घे गं."