व्याह्यांना किल्ला आणि मठ दाखवला, त्याची गोष्ट

डॅन्यूबच्या आमच्या खोऱ्यातले किल्ले आणि मठ कुणी दाखवावेत, तर ते मीच! मी एंगेलबर्ट झाउनर. धंदा जर्दाळूच्या बागेचा, पण जीव सगळा इतिहासात. कुठल्या बुरुजावर कुणी कुणाचा गळा कापला, कुठल्या मठाधिपतीनं घुमट रंगवायच्या नादात मठाला भिकेला लावलं, झोपेतून उठवून विचारा. विचारलं नाहीत तरी सांगेन!

त्यामुळे बुर्गीचे होणारे सासू-सासरे पार उत्तरेहून, जर्मनीच्या समुद्राकाठून येणार असं ठरल्यावर मी जाहीरच करून टाकलं, "एक दिवस माझा! सकाळी किल्ला, दुपारी मठ, संध्याकाळी वाइन. जन्मभर नाव काढतील!"

बुर्गी माझी एकुलती एक. व्हिएन्नात दातांची डॉक्टर आहे. तिनं फोनवरच दुसरी वाट सुचवली.

"बाबा, बोटीनं गेलो तर? बोटीत रेकॉर्ड केलेली माहिती मिळते. ज्याला हवी त्यानं कानाला लावायची, आणि..."

"झाडाला ताजे जर्दाळू लगडलेले असताना पाहुण्यांना डब्यातले वाढायचे?"

"तसं नाही हो. ती माणसं जरा कमी बोलतात."

"मग काय झालं? त्यांच्या वाटचं मी बोलतो!"

"तीच तर भीती आहे," असं काहीसं ती पुटपुटली. लाइन खराब असेल, असं मी धरून चाललो.

पाहुणे आले. व्याहीबुवा फोल्कर्ट हार्मसेन, बंदरातले निवृत्त अधिकारी, डोलकाठीसारखे उंच आणि तितकेच बोलके! विहीणबाई गेझीने आयुष्यभर ग्रंथपाल होत्या. त्यांच्याकडे पाहिलं की माणूस आपोआप चवड्यांवर चालायला लागे. मी दोन्ही हात पसरून स्वागताचं छोटंसं भाषण केलं. ते संपल्यावर व्याहीबुवा म्हणाले, "मोइन."

बस्स! नमस्कार, रामराम, कसे आहात, सगळं त्या एका शब्दात उरकलं. आमच्याकडे कुत्रंसुद्धा पाहुण्यावर याहून जास्त भुंकतं.

नवरदेव हिनेर्कची इस्पितळात ड्यूटी होती, तो संध्याकाळच्या गाडीनं यायचा होता. आम्ही चौघं निघालो. निघता निघता विहीणबाईंनी एक जर्दाळू हातात घेतला आणि त्याला त्यांच्याकडचं नाव घेऊन छान म्हटलं. आता आमच्या खोऱ्यात त्याला 'मारिले' म्हणतात, हे सांगायला नको? मी सांगितलं. का म्हणतात, तेही सांगितलं. ते संपेपर्यंत किल्ल्याची चढण संपली होती!

किल्ल्यावर मी रंगात आलो. इथला दरोडेखोर सरदार नदीवर आडवी साखळी टाकून व्यापाऱ्यांची जहाजं अडवायचा. "आणि लुटलेले व्यापारी कुठले?" मी विहीणबाईंना विचारलं. "बहुतेक उत्तरेचे! तुमच्यापैकीच कुणाचे तरी पणजोबा असतील!" आणि मी मनसोक्त हसलो. एकटाच. मग साखळी किती लांब होती ते दाखवायला मी असा हात फिरवला, की व्याहीबुवांची टोपी उडाली आणि तटावरून गिरक्या घेत थेट नदीच्या दिशेनं निघाली. चौघंही ती दिसेनाशी होईपर्यंत बघत उभे राहिलो.

"हं," व्याहीबुवा म्हणाले.

त्यानंतर ते सारखा कानामागे हात नेऊ लागले. मला वाटलं, माणसाला गोडी लागली! मी आवाज चढवला. उतरताना बुर्गीनं माझी बाही ओढली. "बाबा, ओरडू नका! त्यांनी कानातलं यंत्र बंद केलंय. किल्ल्याच्या तळघरापाशीच!"

"अरेरे! मग तळघरापासून परत सांगू?"

बुर्गीनं डोळे मिटून घेतले. तिची आईही असंच करायची.

मठात पोचलो तर पुढचं दार दुपारच्या सुट्टीसाठी बंद. मला काय त्याचं! वर्षानुवर्षं मठाच्या मुदपाकखान्याला जर्दाळू माझेच जातात. "या माझ्यामागून," म्हणत मी सगळ्यांना मागच्या दाराला नेलं. दार उघडलं एका नव्याच ब्रदरनं. गोल चेहऱ्याचा, गोड माणूस. दबक्या आवाजात त्यानं विचारलं, "उत्तरेकडून यायचे होते, ते चौघं आपणच का?"

बघा! बातमी इथवर पोचली होती! "आम्हीच, आम्हीच!" मी छाती काढून म्हणालो. "सगळं दाखवायचं बरं का, हातचं राखून नको!"

ब्रदर प्रसन्न हसला. त्यानं टोपलीत आमचे फोन गोळा केले, प्रत्येकाच्या गळ्यात एकेक लाकडी फळी अडकवली आणि ओठांवर बोट ठेवलं. मागे दार लागलं. मी चष्मा पुसून फळी वाचली. 'मी मौनात आहे.'

मौनशिबिर! संध्याप्रार्थनेपर्यंतचं! मी "अहो, गैरसमज" एवढं म्हटलं, तोच ब्रदरचा मऊ पण भरभक्कम पंजा माझ्या खांद्यावर पडला. ते दुसरे चौघं, खरे शिबिराला यायचे ते, वाटेत कुठेतरी रखडले असणार. मी बुर्गीकडे पाहिलं. तिनंही ओठांवर बोट ठेवलं होतं.

पुढचे तास कसे गेले ते माझं मला माहीत. वाइनच्या पिपाला बूच मारून उन्हात ठेवावं, तसा मी आतल्या आत फसफसत होतो. भोजनगृहात सूप आलं. डोक्यावर तो घुमट! ज्याच्या एकेका देवदूताची कुंडली मला पाठ आहे, तो! आणि मी खाली बसून चमचा चाटतोय! न राहवून मी ब्रदरला खुणा केल्या. वर बोट दाखवलं, मग माझ्या तोंडाकडे, मग पाहुण्यांकडे, मग छातीवर हात ठेवला. म्हणजे, 'वरच्या चित्रांबद्दल मला यांना सांगू द्या, जीव जातोय!'

ब्रदरचे डोळे पाणावले. त्यानं मला हाताला धरून उठवलं आणि थेट पापनिवेदनाच्या लाकडी कोठडीत नेऊन बसवलं.

जाळीपलीकडून म्हातारा आवाज आला, "बोल, लेकरा."

बोल! या शब्दासाठी मी किती तरसलो होतो! मी सुटलो. घुमट, चितारी, त्याचं बुडवलेलं मानधन, दोन मठाधिपतींचं भांडण...

"लेकरा, यात तुझं पाप कुठलं?"

"पाप नाही हो फादर, पार्श्वभूमी!"

जाळीपलीकडे दीर्घ उसासा. "प्रायश्चित्त म्हणून संध्याकाळपर्यंत मौन पाळ. आणि जमलं तर उद्याही."

परत आलो तर ते तिघं बागेत बाकावर बसले होते. खाली नदी संथ वाहत होती. व्याहीबुवांनी, देवाशप्पथ सांगतो, सरकून मला जागा दिली आणि आपल्यातला पाव मोडून माझ्या हातावर ठेवला. विहीणबाई डोळे मिटून मंद हसत होत्या. आणि बुर्गीचे खांदे खाली आले होते. मी बरोबर असताना ते तसे मी कधी पाहिल्याचं आठवेना. बाप बरोबर असला की ही पोर खांदे वर धरून चालते, हे मला तेव्हा कळलं.

अखेर ते खरे चौघं धापा टाकत पोचले, घोटाळा उघडकीला आला, ब्रदर लाल झाला. फोन परत मिळाले. मी माफीचं भाषण जुळवत होतो, तेवढ्यात विहीणबाईंनी माझे दोन्ही हात धरले.

"झाउनर, इतका सुंदर दिवस आम्हाला कुणी दिला नव्हता! सकाळी वाटलं होतं... जाऊ दे. तुम्ही किती खोल माणूस आहात!"

मी तोंड उघडलं.

"बाबा," बुर्गी म्हणाली. नुसतं तेवढंच. मी तोंड मिटलं.

संध्याकाळी वाइनच्या गुत्त्यात हिनेर्क येऊन पोचला. व्याहीबुवा त्याच्याशी चक्क तीन-चार वाक्यं बोलले, सगळी माझ्या कौतुकाची! बुर्गी मला बाजूला घेऊन गळ्यात पडली. "थँक्यू, बाबा. लग्नापर्यंत असेच राहाल ना?"

"अगं, पण तो घोटाळा होता! मला कुठे माहीत होतं!"

"मला माहीत होतं," ती म्हणाली. "दारावर पाटी होती. मी वाचली होती."

मी तिचा ग्लास भरला, वाइनचा इतिहास न सांगता. जन्मात पहिल्यांदा.

लग्न उत्तरेत झालं, समुद्राकाठी. बुर्गीनं मागितलं होतं तसा मी तोवर गप्प होतो, पण भाषण मनात तयार होतं. किल्ले नाहीत, मठ नाहीत, एकच गोष्ट. बुर्गीची आई गेली त्या वसंतात थंडीच्या लाटेनं बागेतला मोहर जळायला लागला होता. मी खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडलेलो. आणि ही एवढीशी पोर शाळेतून येऊन एकेका झाडाखाली शेकोटी पेटवत फिरली. बाग तिनं वाचवली. हे मी कधी कुणाला सांगितलं नव्हतं. इतकं बोललो आयुष्यात, आणि नेमकं हेच राहिलं होतं.

जेवणं झाली. मी उठणार, तोच व्याहीबुवांनी ग्लासवर चमचा वाजवला.

"वधूपित्याला भाषणं आवडत नाहीत," ते म्हणाले. "म्हणून त्यांच्या सन्मानार्थ आपण सगळे एक मिनिट शांत बसू या."

सगळा हॉल उठून उभा राहिला. माना खाली गेल्या. बुर्गीनंही मान खाली घातली. मेलेल्या माणसासाठी उभं राहतात ना, अगदी तसं! आणि मी मधोमध, जिवंत, शेकोट्यांची ती गोष्ट जिभेवर घेऊन.

मिनिट संपलं. व्याहीबुवा माझ्याजवळ आले, त्यांनी माझा हात हातात घेतला आणि भरल्या आवाजात म्हणाले, "फार छान बोललात."