दहापैकी किती?

धर्माकाकांच्या मेडिकलात खोकल्याची गोळी मागा, डायपर मागा, नाहीतर नुसता पत्ता विचारा; पहिला प्रश्न ठरलेला. "दुकतंय किती? दहापैकी सांग."

विजेचं मीटर बघायला आलेल्या माणसालाही त्यांनी हेच विचारलं. तो बेसावध होता, "सात" म्हणून गेला आणि कंबर धरून तिथेच बसला. नव्या सोसायटीतल्या एक मॅडम वैतागल्या. "अंकल, मला फक्त शाम्पू हवाय!"

"शाम्पू देतू ना. पन दुकतंय किती?"

"झीरो!"

"नशीब हाय तुमचं," काका मनापासून म्हणाले आणि शाम्पूवर एक पाउच फुकट दिलं.

काका पनवेलजवळच्या विचुंब्याचे. बापाची भातशेती गेली, तिथे इमारती आल्या, आणि त्यातल्याच एकीखाली काकांचं दुकान. पन्नास वर्षं पँट घालतात, पण कमरेचा करगोटा सुटला नाही. कारण त्याला एक किल्ली असते. दुसरी शर्टाच्या खिशात. दोन्ही किल्ल्या मागच्या लोखंडी कपाटाच्या. माझं आणि काकांचं भांडण त्या कपाटावरूनच.

त्यात असतात जबर वेदनेवरच्या गोळ्या. त्यांना अफूचं शेत लागत नाही, त्या कारखान्यात बनतात. पण माणसाला धरतात अफूसारख्याच. उलव्याला बांधकामावर डबल पाळी ओढणाऱ्या माणसांना त्या पानटपरीवर बडीशेपेसारख्या विकल्या जात होत्या. मी डोळ्यांनी पाहिलंय. ही विक्री नाही, शिकार आहे. पुढे सरकारने या गोळ्या अमली पदार्थांच्या कडक यादीत टाकल्या. पण यादी काय, कागदावरच झोपून राहते! म्हणून आमच्या व्यसनमुक्ती गटाने पत्रक काढलं: 'या गोळ्या येथे मिळत नाहीत' ही पाटी प्रत्येक मेडिकलवर लागलीच पाहिजे. पनवेलपासून विचुंब्यापर्यंत आम्ही दुकानं पिंजून काढली. सगळ्यांनी पाटी लावली. यादीतला माल ठेवायचा म्हणजे रजिस्टर, तपासणी, डोक्याला ताप. त्यांना निमित्तच हवं होतं.

काकांनी लावली नाही.

"आमी कुलूप लावतू. पाटी नाय लावत."

"गिऱ्हाईक तुटेल म्हणून?" मी तोंडावर विचारलं.

काकांनी पत्रक चष्म्याजवळ नेऊन शेवटपर्यंत वाचलं. "बाय, तुजं दुकतंय किती?"

"मला काहीही दुखत नाही!"

"मंग बराबर. हे पत्रक ठनठनीत मानसानं लिवलंय."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. हा माणूस चोरून विकतो, रंगेहाथ पकडायचाच, असं ठरवून एका दुपारी मी दुकानात ठाण मांडायला गेले. काउंटरच्या आत एक स्टूल होतं. त्यावर बसणार, तोच काका ओरडले, "तितं नको!"

ते काकांच्या बायकोचं, कमलकाकूंचं स्टूल. काकू असताना दुपारी त्यावर बसून सुकट निवडायच्या. अख्ख्या मेडिकलला वास. सोसायटीवाले नाक दाबून क्रोसिन घेऊन जात. "म्या किती बोललू तिला, घरी बस म्हनून," काका म्हणाले. "आता रोज फिनेल मारतू. नुसता फिनेलचाच वास येतंय, बाय."

मी खोक्यावर बसले.

चारच्या सुमारास माळरानाकडच्या वीटभट्टीवरचा एक म्हातारा आला. हातात डॉक्टरची चिठ्ठी. बायकोच्या हाडांत कॅन्सर उतरला होता. तो सकाळपासून पनवेलभर हिंडला होता.

"समदीकडं पाटी हाय, शेठ," तो म्हणाला. "पाटीकडं बोट दाखवत्यात."

काकांनी चिठ्ठी उलटसुलट पाहिली. डॉक्टरला फोन लावला. रजिस्टरमध्ये नाव, गाव, गोळ्या लिहिल्या, अंगठा घेतला. मग विचारलं, "तिचं किती? दहापैकी?"

"मला मोजाया नाय येत. रात दिस वरडती."

खिशातली किल्ली, करगोट्याची किल्ली, दोन कुलुपं. काकांनी गोळ्या दिल्या, कधी किती द्यायच्या ते त्याच्याकडून तीनदा वदवून घेतलं. म्हातारा जवळजवळ पळतच गेला.

बोट दाखवलेल्या पाट्या माझ्या होत्या.

काकांनी खालचा ड्रॉवर ओढला आणि एक पुठ्ठा काउंटरवर ठेवला. त्यांच्याच तिरक्या अक्षरात: 'या गोळ्या येथे मिळत नाहीत.'

"यादी आली तवा पनवेलात पयली पाटी माजी. तुज्या आदी. घाबरलू ना. सगला माल परत धाडला, कपाट रिकामं केलं, वर लोकांना छाती फुगवून सांगितलं." त्यांनी पुठ्ठ्यावरची धूळ पुसली. "तवाच कमल आजारी परली. तेच, हाडांचं. मी रोज इचारायचू, कमल, दहापैकी किती? ती बोलायची, चार. रोज चार. चाराला साधी गोली पुरते, म्हनून मी साधीच देत रायलू. ती गेल्यावर डॉक्टर बोलला, चार कसले, नऊच्या खाली नसनारच." काकांनी पुठ्ठा परत ड्रॉवरमध्ये सरकवला. "तिला ठावं होतं ना, माज्या कपाटात काय नाय ते."

मी पिशवीतल्या पत्रकांचा गठ्ठा आतच ठेवला. कायदा कडकच हवा, यावर मी आजही ठाम आहे. पण नव्या पत्रकात पाटीचं कलम नाही. तिथे लिहिलंय: 'गोळ्या ठेवा. कुलूप लावा. चिठ्ठी बघा. आणि विचारा.'

त्या दिवशी निघताना माझ्या लक्षात आलं, अख्ख्या विचुंब्याला विचारणाऱ्या या माणसाला कोणी कधी विचारलेलंच नाही.

"काका, तुमचं किती? दहापैकी?"

काका दचकले. स्टुलाकडे बघत राहिले. मग फडकं घेऊन ते पुन्हा एकदा पुसलं.

"चार," ते म्हणाले.