पालागाचं दाताळं

पालागाने नवं दाताळं खांद्यावर टाकलं आणि ती आपल्या कुरणाच्या वाटेला लागली, तेव्हा टोडेर विळा उचलून तिच्या मागोमाग धावला.

त्याने ते भिंतीवर टांगायला दिलं होतं. इझा नदीच्या खोऱ्यात एखाद्याला एखादीशी लग्न करायचं असलं, की तो तिला गवत ओढायचं कोरीव दाताळं करून देतो आणि ती ते पाहुण्यांच्या खोलीत टांगते, अशी रीत. टोडेर विधुर, पालागा विधवा. दोघांचीही पन्नाशी उलटलेली. तोंडाने विचारायची टोडेरची छाती नव्हती, म्हणून त्याने अख्खा हिवाळा नासपतीच्या लाकडावर घालवला. माळ्यावर वर्षानुवर्षं वाळवलेलं लाकूड. त्यावर सूर्य, पानं, दोरखंडाचे पीळ. काल ते बघायला आलेल्या म्हाताऱ्यांनी बोलणं सोडून छातीवर क्रूस काढला होता.

घोळ दातांत होता. खोऱ्यातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं, की दाताळ्याचा माथा, म्हणजे दात ठोकायची आडवी पट्टी, ओल्या लाकडाचा घ्यायचा आणि दात वाळलेले. माथा सुकत जातो तसा दातांना आवळत जातो. पण कोरीवकामाला वाळलेला माथा हवा होता, घरातले वाळलेले दात संपले होते, आणि टांगायचंच तर आहे, असं म्हणत टोडेरसारख्या नावाजलेल्या कारागिराने वाळक्या माथ्यात ओले दात ठोकून दिले होते. ऊन लागलं की ते आक्रसणार आणि गळणार, हे सांगायला ज्योतिषी नको होता.

दव होतं तोवर निभावलं. मदतीला आलेले पुरुष ओळीने लांब दांड्यांचे विळे फिरवत उतार चढत होते, मागून बाया कापलेलं गवत पसरत होत्या. ऊन चढलं आणि पहिला दात पडला. टोडेरने विळा टाकून त्यावर झडप घातली.

"काय सापडलं हो?" पालागाने विचारलं.

"काही नाही, नाकतोडा."

"खिशात घातलात?"

"चांगला होता."

दुसरा नाकतोडाही खिशात गेला. तिसऱ्याला मात्र टोडेरने दाताळंच मागून घेतलं. "द्या जरा, ओढ्यात बुचकळून आणतो. नवं लाकूड आहे, त्याला तहान लागते."

भिजलेले दात फुगून घट्ट बसले. पण ऊन काही थांबायला तयार नव्हतं, त्यामुळे टोडेरच्या ओढ्याच्या खेपाही थांबेनात. ओळीच्या पुढे असलेल्या ग्रिगाकाकांना शेवटी राहवेना.

"टोडेर, लेका, गवत कापायला आलायस की धुणं धुवायला? तुझी जागा रिकामी, ओळ मोडलीय. बाईचं कुरण आज संपायचं कसं?"

सगळे खो खो हसले. पालागा हसली नाही. तिने गवतात पडलेला टोडेरचा विळा उचलला. "काका, जरा सरका."

"तू कापणार?"

"नवरा गेल्यावर कोण कापत होतं? भुतं?"

टोडेर तेव्हा गुडघाभर पाण्यात उभा होता. त्याने वर पाहिलं आणि तो पाहतच राहिला. पालागा घाई करत नव्हती. ती कमरेतून वळायची, पातं जमिनीलगत सरकत जायचं, गवत फुलांसकट क्षणभर उभंच राहायचं आणि मग अलगद आडवं व्हायचं. कुठे झटका नाही, पातं दगडावर एकदाही खणकलं नाही. ग्रिगाकाका थांबले, मग त्यांच्या मागचे थांबले. सबंध उतारावर तेवढी सळसळ उरली. काकांनी टोपी काढली. आपण उभा जन्म लाकूड कोरलं, पण इतकं देखणं काही आपल्या हातून झालं नाही, हे टोडेरला लख्ख कळलं आणि त्याचं त्याला जराही वाईट वाटलं नाही.

हात मात्र सैल पडले होते. भानावर येऊन त्याने खाली बघितलं, तर दाताळं ओढ्याबरोबर गावाकडे निघालं होतं. धडपडत, दोनदा आपटत त्याने ते वळणावर गाठलं. निथळत वर आला, तेव्हा माथ्यावरचा सूर्य तेवढा शाबूत होता.

"दात?" पालागाने विचारलं.

"गेले," टोडेर म्हणाला, आणि मग त्याचा बांधच फुटला. "पालागाबाई, मी लबाडी केली. माथा वाळका, दात ओले. वाटलं, तुम्ही टांगून ठेवाल."

"काल हातात घेतलं तेव्हाच कळलं मला. दातांना ओल्या सालीचा वास येत होता."

"मग आणलंत कशाला कुरणात?"

पालागा विळ्याला धार लावू लागली. "टांगलं असतं, तर तुम्ही चारचौघांचं कौतुक ऐकून घरी गेला असतात आणि पुढच्या हिवाळ्यापर्यंत तोंड उघडलं नसतंत. आता दात बसवायला तरी याल ना?"

"येतो की! उद्याच येतो. ग्रिगाकाकांकडून चांगले खडखडीत वाळलेले आणतो, जन्मभर हलणार नाहीत असे—"

"वाळलेले नकोत," पालागा गवताकडे वळत म्हणाली. "अहो, ओलेच आणा."